बाहीवरची चार भोकं

मास्तरीणबाईंना माहेरी सगळे भागूबाई म्हणायचे आणि खरं सांगायचं तर म्हणणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. भिंतीवर पाल दिसली की ही पलंगावर उभी. दारावर थाप पडली की आधी फटीतून बघायचं, मगच कडी काढायची. रस्त्यात दोन माणसं चढ्या आवाजात बोलताना दिसली की हिची वाट बदललीच. लग्न झालं ते रफूकाम करणाऱ्याशी. गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणायची, म्हणून ही मास्तरीणबाई झाली. पण नाव बदललं म्हणून भीती थोडीच सोडून जाते? ती बाईंच्या पाठोपाठ सासरी आली आणि तीस वर्षं तिथे सुखाने नांदली.

घर म्हणजे पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर आणि मधे एक निळा पडदा. दुकानात खिडकीला लागून टेबल, टेबलावर सुयांचा डबा आणि एक भिंग. मास्तर एका बाजूला बसून रफू करायचे आणि बाई समोरच्या स्टुलावर बसून दोन्ही हातांनी कापड ताणून धरायच्या. फाटलेल्या जागी उभे-आडवे धागे असे भरायचे की मूळ वीण कुठे संपली ते कळता कामा नये. धागाही बाहेरचा चालत नाही, तो त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून उपसून काढायचा, म्हणजे रंग बिनचूक जमतो. हे सगळं बाई तीस वर्षं समोरून बघत आल्या होत्या. बघता बघता कधीतरी त्यांनी स्वतः सुई घेतली. मास्तरांनी भिंगातून काम पाहिलं, "हं" म्हणाले आणि पुढचा कपडा त्यांच्याकडे सरकवला. मास्तरांच्या तोंडून "हं" निघणं म्हणजे काय, ते त्यांच्याशी संसार केल्याशिवाय कळायचं नाही. गिऱ्हाइकाने विचारलं की उत्तर मात्र ठरलेलं असायचं, "माझ्या हातचं आहे, काळजी नको." याचं बाईंना कधी वाईट वाटलं नाही. निदान तसं त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

त्या घरात एक नियम होता. फाटका कपडा तसाच पडू द्यायचा नाही. रफूवाल्याच्याच घरात फाटकं दिसलं तर लोक काय म्हणतील? उशीच्या अभ्र्याला भोक पडलं तरी ते त्याच दिवशी भरलं जायचं. हा नियम पुढे किती महागात पडणार आहे, याची तेव्हा कुणाला कल्पना असणार!

रस्त्याच्या टोकाला लाकडाची वखार होती आणि वखारीला लागूनच वखारवाल्यांचा बंगला. त्यांच्याकडे एक काळा कुत्रा होता, वासराएवढा. फाटकासमोरून जायला बाईंना सत्तावीस पावलं लागायची आणि ती सत्तावीस पावलं त्या जीव मुठीत धरून चालायच्या. एका दुपारी वखारवाल्यांचा निरोप आला, की कोट तयार असेल तर घरी आणून द्या. मास्तर गेले. फाटक उघडं होतं, आणि साखळीही सुटलेली होती.

अर्ध्या तासाने मास्तर परत आले तेव्हा त्यांचा डावा हात वर उचललेला होता आणि त्या हातात वखारवाल्यांचा कोट. दाराशी उघडणारं कुणी नव्हतं, म्हणून कोट तसाच परत आणला होता. मग बाईंची नजर उजव्या हाताकडे गेली. बाहीतून रक्त थेंबाथेंबाने पायरीवर पडत होतं. "गिऱ्हाइकाच्या कोटाला डाग लागू दिला नाही," मास्तर म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसले. माणसाने कामावर प्रेम करावं, पण इतकं?

चार दात बाहीतून मनगटाच्या वर खोल रुतले होते. इस्पितळात टाके पडले, इंजेक्शनं सुरू झाली. जखम भरली, पण अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकेना. मास्तरांची चिमूट मिटत नव्हती. ज्याला चिमूट नाही त्याने सुई धरायची कशी? हाताची शीर दुखावली आहे, पूर्वीसारखं होणं कठीण, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. वखारवाल्यांनी स्वतः येऊन चौकशी केली नाही. माणसाकरवी निरोप तेवढा पाठवला, "कुत्रा खेळत होता, मास्तरांनीच हात पुढे केला."

आता काय करायचं ते दोघं एकमेकांशी बोललेसुद्धा नाहीत. एके दिवशी मास्तरांनी निळा पडदा ओढून घेतला, टेबल पडद्यामागे सरकवलं आणि स्वतः पुढे, उजवा हात कोटाच्या खिशात घालून, गिऱ्हाइकांशी बोलायला बसले. मागे बाईंची सुई चालू झाली. लोक मास्तरांच्या हातावर विश्वासून महागाचे कपडे आणत. हे काम पडद्यामागची बायको करते असं कळलं, तर उद्या दुकानात कुत्रंही फिरकणार नाही, असं मास्तर म्हणाले आणि म्हटल्यावर आपल्याच शब्दाने दचकले.

इस्पितळातल्या नर्सबाई फटकळ होत्या. शेवटच्या इंजेक्शनाच्या दिवशी त्या म्हणाल्या, "कुत्रा पाळीव आहे ना? मालकाचं नाव माहीत आहे ना? मग गप्प का बसलात? मोफत कायदा मदतीचं ऑफिस आहे, तिथे जा. नुकसानभरपाई मिळते."

कायदा हा शब्द ऐकूनच बाई दाराकडे वळल्या. पण घरभाडं, औषधं आणि एकट्या बाईच्या सुईवर चाललेलं दुकान, हे किती दिवस निभणार होतं? दोघं गेले. जाताना ती सत्तावीस पावलं आलीच. फाटकाच्या पलीकडून तो कुत्रा त्यांच्याबरोबर समांतर चालत आला, न भुंकता. भुंकला असता तर परवडलं असतं असं बाईंना वाटलं.

ऑफिसात एक तरुण वकीलबाई होत्या, कान तुटलेल्या कपातून चहा पीत. त्यांनी सगळे कागद पाहिले, खूश झाल्या. मग विचारलं, "त्या दिवशी अंगात काय होतं?"

"माझा कोट," मास्तर म्हणाले.

"उद्या घेऊन या. धुऊ नका."

बाईंनी मान डोलावली खरी. कोट तर पाचव्याच दिवशी थंड पाण्यात धुऊन झाला होता. तरी दुसऱ्या दिवशी त्या तो घडी करून घेऊन गेल्या. वकीलबाईंनी तो उलटापालटा करून पाहिला. "हा नव्हे हो. फाटलेला हवाय."

"हाच तो. नीट करून ठेवलाय." या एका वाक्यात बाईंना जरासा अभिमानही वाटला, काय करणार!

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "पुरावा धुतलात, वर रफू केलात! कुणी केलं हे?"

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर घाईने म्हणाले, "घरीच झालं." दुकान चालू आहे का, या प्रश्नावर ते म्हणाले, "बंदच समजा." वकीलबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "हे बघा, माझ्यापासून जे लपवाल ते समोरचा वकील भर कोर्टात बाहेर काढेल. तेव्हा मला काही करता येणार नाही." त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मास्तरांनी कोटाची घडी घातली. मग त्यांनी दावा लिहायला घेतला.

त्या दिवसापासून बाईंचा डोळ्याला डोळा लागेना. दुकान चालू असल्याचं कळलं तर दावा जाणार, आणि दुकान कोण चालवतंय ते कळलं तर दुकान जाणार. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधल्या पायवाटेवर तो कुत्रा बसलेला. दारावर थाप पडली की हातातली सुई बोटात घुसायची.

आणि एका सकाळी खरोखरच वखारवाले आले. पडद्यामागून बाईंना आधी बुटांचा आवाज आला आणि मग नखांचा. फरशीवर नखं वाजत होती, टक टक टक.

"काय मास्तर, काम जोरात चाललंय म्हणे," वखारवाले म्हणाले. आवाज अगदी गोड होता. "हात बरा दिसतोय. मग कोर्टकचेरी कशाला? शेजारधर्म आहे की नाही काही? घाबरू नका, साखळी आहे हातात."

मास्तर काहीतरी पुटपुटले. तेवढ्यात पडद्याची खालची कड हलली. तिच्याखालून एक काळं ओलं नाक आत आलं, मग अर्धं तोंड. ते बाईंच्या पावलांपासून वीतभर अंतरावर थांबलं आणि हुंगू लागलं. गरम श्वास त्यांच्या बोटांवर आला. ओरडायचं होतं, पण ओरडलं तर पडद्यामागे कोण आहे ते उघड होणार. बाईंनी हातातलं कापड तोंडात कोंबलं आणि डोळे मिटले. आता आपण मरणार याबद्दल त्यांना शंकाच उरली नव्हती.

साखळी खेचली गेली. "मागे कोणी आहे वाटतं," वखारवाले म्हणाले. "कोर्टात भेटू." टक टक आवाज पायरी उतरून गेला. मास्तर पडदा सारून आत आले तेव्हा बाई तशाच बसल्या होत्या, तोंडात कापड. त्यांनी ते डाव्या हाताने हळूच सोडवलं.

तारखेच्या दिवशी कोर्टात फार माणसं नव्हती. उंच खुर्चीत जाड चष्म्याचे न्यायाधीश, खाली टंकलेखन करणारी मुलगी, दाराशी नावं पुकारणारा म्हातारा शिपाई. शिपायाच्या कोटाचं उजवं कोपर विरून जाळी झालं होतं. एवढ्या भीतीतही बाईंच्या नजरेने ते टिपलं. धंद्याची खोड, दुसरं काय.

वखारवाल्यांचा वकील शांतपणे उठला. पिंजऱ्यात मास्तर उभे होते. वकिलाने पिशवीतून एक राखाडी शाल काढली आणि टेबलावर पसरली. "मागच्या महिन्यात एका बाईंनी ही तुमच्या दुकानात दिली होती. जळून रुपयाएवढं भोक पडलं होतं. ही तुमची पावती. साहेब, भोक शोधून दाखवावं." न्यायाधीशांनी चष्मा वर केला, शाल उजेडात धरली आणि मान हलवली. मग वकिलाने वकीलबाईंच्या टेबलावरचा मास्तरांचाच कोट उचलला. "आणि ही बाही. चावा घेतला त्याच आठवड्यात दुरुस्त झालेली. मास्तर, ज्या हाताने हे झालं तो हात निकामी आहे असं तुमचं म्हणणं आहे? की हे काम दुसऱ्या कुणाचं आहे?"

वकीलबाईंचा चेहरा पडला. मास्तरांनी कठडा धरला. माझं म्हणावं तर शपथेवर खोटं आणि दावा बुडाला. दुसऱ्याचं म्हणावं तर तीस वर्षांचं नाव गेलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. मास्तरांना घाबरलेलं बाईंनी एकदाच पाहिलं होतं, त्या दुपारी पायरीवर. आज दुसऱ्यांदा.

"माझं आहे ते," कुणीतरी म्हणालं. सगळ्या माना वळल्या तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की आपण उभ्या आहोत.

"खाली बसा," न्यायाधीश म्हणाले. पण तोवर वकीलबाईही उठल्या होत्या. त्यांनी परवानगी मागितली, थोडी वादावादी झाली आणि शिपायाने मास्तरीणबाईंना पिंजऱ्यात आणून उभं केलं. शपथ घेताना त्यांची अक्षरशः बोबडी वळली. शिपायाला एकेक शब्द दोनदा सांगावा लागला.

"नवऱ्याला वाचवायला बायको काहीही म्हणेल," समोरचा वकील हसून म्हणाला.

न्यायाधीशांनी बाईंकडे रोखून पाहिलं. "करून दाखवाल?"

सुई बाईंच्या पदरालाच टोचलेली होती, ती नेहमी असायचीच. त्यांनी कोट मागितला. रफू उसवायचा तर बाहीत हात घालावा लागतो, खाली आधार म्हणून डाव्या हाताची मूठ धरावी लागते. त्यांनी मूठ आत सरकवली आणि सुईच्या टोकाने आपणच भरलेले धागे एकेक करून उचलले. बाहीवर मोठ्या दाताचं भोक उघडं पडलं आणि त्यातून त्यांच्याच हाताची कातडी दिसू लागली. मास्तरांना दात लागला तो बरोबर इथे. बाईंच्या डोळ्यांपुढे ते ओलं नाक आलं, बोटांवर गरम श्वास आला. सुई हवेतच थांबली. समोरचा वकील घड्याळ बघत होता.

"आतल्या शिवणीतला धागा घे," पलीकडून मास्तर हळूच म्हणाले.

"साक्षीदाराशी बोलू नका," न्यायाधीश कडाडले.

पण तेवढं पुरलं. बाईंनी शिवण उकलली, धागा उपसला, नेढ्यात ओवला. पहिला उभा धागा वाकडा गेला, तो काढून टाकला. दुसरा बसला. मग मात्र सुई आपली आपण चालायला लागली. भीती गेली नव्हती, ती शेजारी उभीच होती. फक्त हात तिचं ऐकेनासे झाले होते. वीस मिनिटं कोर्टात पंख्याच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता.

"रफू यांना येतो, मान्य," समोरचा वकील म्हणाला. "पण ती शाल, ही बाही यांनीच केली याला पुरावा काय?"

बाईंनी कोट उलटा केला. "मी यांच्या समोर बसून शिकले, साहेब. यांचं उजवं ते मला डावं दिसायचं. म्हणून माझ्या धाग्यांची टोकं आतून डावीकडे वळतात. हे बाहीचं बघा, चारही भोकं. आता कोपर बघा, ते यांनी सात वर्षांपूर्वी केलंय. टोकं उजवीकडे."

न्यायाधीशांनी भिंग मागवलं. बाही पाहिली, कोपर पाहिलं, शेवटी शालीची उलटी बाजू पाहिली. "डावीकडे," ते म्हणाले. टंकलेखन करणाऱ्या मुलीने तो शब्द उतरवला. समोरच्या वकिलाने शाल घडी करायला घेतली, पण ती कोर्टात जमा करून घेण्यात आली. कोटही.

"असाच? फाटका?" बाईंच्या तोंडून निघून गेलं. "दोन धागे राहिलेत, साहेब."

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. "करा पुरे," ते म्हणाले आणि सगळं कोर्ट दोन धाग्यांसाठी थांबलं.

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी दोघांना चांगलंच फैलावर घेतलं. "हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर?" त्या म्हणाल्या आणि मग बाईंचा हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही.

निकाल दोन महिन्यांनी लागला आणि मास्तरांच्या बाजूने लागला. उपचाराचा खर्च, बुडालेलं काम आणि निकामी हात, या सगळ्याची भरपाई वखारवाल्यांनी द्यायची होती. कुत्रा तोंडाला जाळी लावून बांधून ठेवायचा होता. पण ते दोन महिने दुकानाचं काय झालं, ते निकालपत्रात नव्हतं. बातमी गावभर झाली होती. दोन गिऱ्हाइकं दिलेले कपडे तसेच फाटके परत घेऊन गेली. "मास्तर स्वतः करणार नसतील तर राहू द्या," असं एक जण तोंडावर म्हणाला. नंतर कुणी आलंच नाही. दावा जिंकूनही दोघं रिकाम्या दुकानात बसून राहायचे, मास्तर पडद्यापुढे आणि बाई पडद्यामागे. ज्याला भ्यायलो ते झालंच, असं बाईंना रोज वाटायचं.

निकालानंतर चौथ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. बाईंनी सवयीने पडद्याच्या फटीतून पाहिलं. पायरीवर कोर्टातला म्हातारा शिपाई उभा होता, कोट हातावर टाकून. कोपराची जाळी आता भगदाड झाली होती.

मास्तरांनी डाव्या हाताने कोट घेतला आणि उजेडात धरला. "होईल," ते म्हणाले. "काळजी नको. माझ्या..."

ते थांबले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"अगं, बाहेर ये," मास्तरांनी हाक मारली. "तुझं गिऱ्हाईक आलंय."

बाईंना पडदा सापडेना. दोनदा हात फिरवल्यावर कड हाताला लागली. त्या बाहेर आल्या, शिपायाकडे न बघता कोट घेतला, उलटा केला, शिवण तपासली. मास्तर टेबल ओढून खिडकीशी आणत होते, एका हाताने, म्हणून ते फरशीवर करकरत होतं. बाई त्यांच्या खुर्चीत बसल्या. दूर वखारीकडे कुत्रा भुंकला आणि त्यांची सुई जागच्या जागी थबकली.

मास्तर समोरच्या स्टुलावर बसले. उजव्या कोपराने कोट टेबलाला दाबला, डाव्या हाताने त्याचं दुसरं टोक धरलं आणि कापड ताणून ठेवलं.